पहिल्या तारेची तक्रार

४ फेब्रुवारी

छोटे,

फोनच करणार होतो, पण हल्ली तू फोनवर तोंडात घास धरून बोलल्यासारखी बोलतेस, म्हणून लिहितोय. लिहिलेलं तरी नीट कळेल.

या पत्राबरोबर माझी गिटार येते आहे. आपल्या ओळखीच्या ट्रकवाल्याने ती स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवून आणायचं कबूल केलंय. पेटी उघडण्याआधी हे वाचून घे.

पायाच्या हाडात संसर्ग गेला म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरचे सहा आठवडे मी इस्पितळात होतो, हे तुला माहीत आहे. पहिल्या आठवड्यातलं मला काही आठवतही नाही, इतका ताप होता. तेवढे दिवस गिटार बेबीकडे होती. घरी आल्यावर महिनाभर बसवत नव्हतं. जानेवारीत पहिल्यांदा पेटी उघडली, सूर जुळवला, आणि वाजवून बघतो तर गिटार मेलेली. खालच्या तारा ठीक आहेत. पण पहिली आणि दुसरी, ज्यांच्यासाठी लोक ही गिटार ऐकायला येतात, त्या रजईखालून बोलल्यासारख्या बोलतात. नख लागल्याचा तो कडक आवाज गायब.

बाबांनी घडवलेलं, साठ वर्षं टिकलेलं वाद्य सहा आठवड्यांत असं मरत नाही. माझा संशय सांगतो. बेबीने माझ्या घरून गिटार नेली त्या दिवशी ती तशीच कामावर, तिच्या जमीनमोजणीच्या कार्यालयात गेली असणार, आणि गिटार दिवसभर बंद गाडीत, उन्हात. लेक माझी, पण विसरभोळी आहे. विचारलं तर नाही म्हणते. तू तपासून काय ते लेखी कळव. बाबांनंतर या वाद्यात हात घालायला मी तुझ्याशिवाय कुणाला देत नाही.

३० मार्चला वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम आहे. मी वाजवायला लागून चाळीस वर्षं झाली म्हणून माझ्या विद्यार्थ्यांनी ठरवलाय. ही गिटार नसेल तर मी बसणार नाही.

इथे बाकी ठीक. दाराची घंटा बिघडली होती, ती बदलली. नवीही तसलीच मिळमिळीत निघाली. सगळा माल हल्ली असलाच येतो.

तुझा
दादा

१५ फेब्रुवारी

दादा,

गिटार सुखरूप पोचली. ट्रकवाल्याने तिला सीटचा पट्टा लावला होता.

दोन दिवस नुसती वर्कशॉपमध्ये ठेवली, इथल्या हवेची सवय होऊ दे म्हणून. मग तपासली. तुला लेखी हवंय, तर सगळं लिहिते.

मान सरळ आहे. पट्टी ठेवून पाहिली, मधे हवा तेवढाच बाक. मानेवरचे पडदे पाचव्यापर्यंत झिजलेत, पण ते तूच झिजवलेस. वरच्या फळीवर, तारा अडकतात त्या ब्रिजखाली केसासारखी चीर आहे ती बाबांनी बुजवलेली, जागची हललेली नाही. ब्रिज घट्ट. कागदाचा कपटा आत सरकवून पाहिला, सरकला नाही. मग तारा उतरवून आत दिवा सोडला आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा फिरवला. फळीला आतून ज्या आधारपट्ट्या असतात त्यांतली एक, सगळ्यांत बारीक, टोकाला बोटभर सुटलेली होती. बोटाच्या पेराने वरून टकटक केलं की तिथे हलकी खरखर यायची. सरस तापवून आत भरला, दिवसभर दाबून ठेवली. आता फळी एकसंध बोलते.

सरस का सुटला म्हणशील, तर वयाने सुटतो, कोरड्या हवेने सुटतो, उष्णतेनेही सुटतो. इतक्या जुन्या वाद्यात हे चालायचंच. बेबीला यात ओढू नकोस.

नव्या तारा चढवल्यात आणि त्याच ट्रकवाल्याबरोबर गिटार परत पाठवते आहे. आवाजाचं तू काय ते ठरव. तुझ्या कानापुढे मी काय बोलणार.

पायाला जप. फार वेळ खाली सोडून बसू नकोस.

छोटी

२२ फेब्रुवारी

छोटे,

उष्णतेने सरस सुटतो, हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस. बरं केलंस. तुझं पत्र बेबीपुढे ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, हो, राहिली होती गाडीत, एक अख्खा दिवस. इतके दिवस तोंडावर नाही म्हणत होती. मी फार बोललो नाही. एवढंच म्हटलं की काही दिवस माझ्याकडे येऊ नकोस. तेव्हापासून ती डबा दारात ठेवते आणि जाते.

आता मुद्द्याचं. तुझी दुरुस्ती लागू पडलेली नाही. पहिली तार जशी होती तशीच. नव्या ताराही त्याच लायकीच्या, कारण त्याच कंपनीच्या मी एका विद्यार्थ्याच्या गिटारवर लावून पाहिल्या तर तिथेही तोच ठसठशीतपणा नसलेला आवाज. म्हणजे तारांच्या कारखान्यातच काहीतरी बिनसलंय. पण माझ्या गिटारचं दुखणं तारांपुरतं नाही.

मी विचार केलाय. वरची फळी सोडवायची, आतल्या पट्ट्या तासून हलक्या करायच्या, फळीही कडेने घासून पातळ करायची. फळी मोकळी झाली की वरचे सूर सुटतील. तू हे करणार नाहीस, मला माहीत आहे. बाबांच्या हाताच्या कामाला तू रंधा लावायची नाहीस. इथे लाकूडबाजाराच्या मागे एक नवा कारागीर आहे, त्याच्याशी बोलून ठेवलंय. ७ मार्चला सकाळी दहाला गिटार त्याच्याकडे देणार. तीस तारखेपर्यंत होईल म्हणतो.

रागावू नकोस. मेलेलं वाद्य मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा हे बरं.

दादा

२५ फेब्रुवारी

बेबी,

लहानपणी तू माझ्याशी खोटं बोललीस की तुझे कान लाल व्हायचे. आता तू समोर नाहीस, म्हणून कागदावर विचारते. गिटार खरंच गाडीत राहिली होती का?

विचारायचं कारण असं. बंद गाडीत दिवसभर तापलेली गिटार मी आजवर चार-पाच वेळा पाहिली आहे. पॉलिश मऊ पडतं आणि पेटीच्या आतल्या मखमलीचा ठसा त्यावर उठतो. ब्रिज मागून उचलतो. मान पुढे झुकते. या गिटारला यातलं एकही नाही. पट्टी सुटली होती, पण सुटलेल्या भागात काळी धूळ बसलेली होती. ती सहा आठवड्यांत बसत नाही. पट्टी सुटून दहा वर्षं तरी झाली असतील, आणि त्या दहा वर्षांत दादाने त्याच गिटारवर लोकांना वेड लावलंय.

तुझ्या बाबांना जे लिहिलं नाही ते तुला लिहिते. तारा चढवल्यावर मी ती अर्धा तास वाजवली. शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं आणि दारात येऊन उभा राहिला. पहिली तार अशी वाजत होती की शेवटच्या पडद्यापर्यंत एक सूर पुसट नाही. मला वाटलं, मला काय कळतं, त्याचा कान मोठा. म्हणून मी आवाजाबद्दल गप्प बसले आणि सरसाबद्दल नको ते वाक्य लिहून बसले. त्याची शिक्षा तुला झाली.

आता मला त्याची पत्रं पुन्हा वाचून भीती वाटते. फोनवर माझं बोलणं कळत नाही. घंटा मिळमिळीत. विद्यार्थ्याची गिटारही तशीच. खरं काय ते लिही. सात तारखेला तो माणूस फळी उघडणार आहे. एकदा तासलेलं लाकूड परत लावता येत नाही.

आत्या

२८ फेब्रुवारी

आत्या,

नाही. गाडीत ठेवली नव्हती. माझ्या कपाटात, कपड्यांमागे, आडवी ठेवली होती. रोज पेटीवर हात लावून बघत होते.

बाबांना ऐकू येत नाही. सगळं नाही, पण बारीक आवाज येत नाहीत. घरी आल्यापासून बघते आहे. कुकरची शिट्टी होते आणि ते पेपर वाचत राहतात. मी मागून बोलले तर उत्तर नाही. समोर असले की माझ्या ओठांकडे बघतात, त्यांना स्वतःलाही ते कळत नसावं. खिडकीबाहेरच्या झाडावरचे पक्षी गेले म्हणाले. आत्या, पक्षी तिथेच आहेत. मी उभी होते आणि ते ओरडत होते.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. दाखल केल्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. साध्या औषधाला संसर्ग दाद देत नव्हता. म्हणाले, दुसरं इंजेक्शन आहे, जालीम आहे, पाय वाचेल, पण काही जणांच्या कानांवर परिणाम होतो आणि झाला तर गेलेलं ऐकणं परत येत नाही. उशीर केला तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, कदाचित जिवावरही बेतेल. बाबा तापात होते, मला आईच्या नावाने हाक मारत होते. कागदावर मी सही केली. ते गिटार वाजवतात हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, मग ठरवा. मी बाकावर बसून पाच मिनिटं विचार केला. पाचच मिनिटं होती.

म्हणून बाबांनी तुझं पत्र पुढे ठेवून विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. गाडीत नसेल ठेवली, पण केलं मीच ना. शिवाय गिटार बिघडली असं वाटतंय तोवर ते ती दुरुस्त करायच्या मागे असतात, रोज उठतात, वाजवतात. कान गेलाय म्हटलं की काय करतील, मला माहीत नाही. आई गेली तेव्हा त्यांनी आठ महिने पेटी उघडली नव्हती.

कार्यक्रम होईपर्यंत त्यांना सांगू नकोस, एवढं ऐक. फळीचं काय करायचं ते मला सुचत नाही. मी कारागिराला भेटून आले. तो म्हणाला, वाद्य तुमच्या वडिलांचं आहे, ते सांगतील तसं करणार.

बेबी

२ मार्च

दादा,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. पाच-सहा तारखेला मिळावं. बसून वाच.

तुझ्या गिटारला काहीही झालेलं नाही. मी ती वाजवली, दुसऱ्यांनी ऐकली. ती आहे तशीच आहे. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तू माझा मोठा भाऊ, तुझ्या कानावर मी लहानपणापासून विसंबले. तू सूर चढा म्हणालास की चढा, उतरा म्हणालास की उतरा. तुझा कान चुकतोय हे लिहायला हात धजला नाही.

आता लिहिते. तुला वरचे सूर ऐकू येत नाहीत. गिटारचे नाहीत, घंटेचे नाहीत, फोनवर माझे नाहीत. तारांच्या कारखान्यात काही बिनसलेलं नाही.

गाडीत गिटार ठेवल्याच्या खुणा वाद्यावर नाहीत. बेबी तुझ्याशी खोटं बोलली, पण तुला वाटतं त्या बाजूने नाही. का, ते तिला विचार. मी सांगणार नाही. ते तिचं आहे.

तुला मला शिव्या द्यायच्या असतील तर दे. माझ्याशी वर्षभर बोलू नकोस. पण सात तारखेला त्या माणसाकडे जाऊ नकोस. फळी पातळ केली तरी तुला पहिली तार ऐकू येणार नाही, आणि मग ती आम्हालाही ऐकू येणार नाही. आधी कानाच्या डॉक्टरकडे जा.

छोटी

८ मार्च

आत्या,

तू सांगून टाकलंस. मी दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. आता नाही.

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. डबा ठेवायला गेले तेव्हा ते टेबलावर उघडं होतं आणि बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी हाक मारली. वळले नाहीत. ऐकू आलं नाही की वळायचं नव्हतं, कळलं नाही.

सात तारखेला पावणेदहाला गेले तर दाराला कुलूप, गिटार नाही. मी कार्यालयात कळवलंही नाही, तशीच लाकूडबाजाराकडे निघाले. पोचेपर्यंत सव्वादहा झाले होते. गिटार गादीवर आडवी होती, तारा उतरवलेल्या. कारागिराच्या हातात पातळ सुरी होती, शेगडीवर दुसरी तापत होती. बाबा स्टुलावर बसलेले, दोन्ही हात काठीवर.

कारागीर सुरी घेऊन वाकला आणि थांबला. म्हणाला, "काका, उघडायच्या आधी एकदा बघू द्या." त्याने पेराने फळीवर टकटक केलं, कडेला, मधे, ब्रिजपाशी. मग म्हणाला, "मला यात काही वाईट ऐकू येत नाही. ज्यांनी मला शिकवलं त्यांनी असली फळी दाखवून सांगितलं असतं, याला हात लावू नकोस. तुम्ही म्हणत असाल तर उघडतो. पण लिहून द्या."

त्याने कागद पुढे केला. बाबांनी खिशातून पेन काढलं. मी दारातच होते. त्यांनी मला पाहिलं.

म्हणाले, "बेबी, इकडे ये." कारागिराला म्हणाले, "परत वाजवा." त्याने टकटक केलं. बाबांनी मला विचारलं, "तुला कशी ऐकू येते?"

आत्या, मी अजून खोटं बोलू शकले असते. थोडी बसकी येते म्हटलं असतं तर त्यांनी सही केली असती आणि कधीच काही विचारलं नसतं.

मी म्हटलं, "पूर्वी यायची तशीच."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग पेन खिशात घातलं. गिटार स्वतः पेटीत ठेवली, तारा गुंडाळून खणात ठेवल्या, कारागिराचे आभार मानले. रस्त्यात मी पेटी घ्यायला हात पुढे केला, दिली नाही. घराशी पोचल्यावर आत गेले आणि दार लावून घेतलं.

आज डबा जसाच्या तसा बाहेर आहे.

बेबी

१६ मार्च

दादा,

तू लिहीत नाहीस. बेबी म्हणते, आता डबा आत घेतोस. निदान तेवढं करतोस.

मी रोज वर्कशॉप उघडते आणि पोस्टमन गेला की मगच कामाला हात घालते. नुसतं कोरं पाकीट पाठव, मला कळेल.

छोटी

२ एप्रिल

छोटे,

कोरं पाकीट पाठवणार होतो, पण तुझी हौस पुरवायची नाही असं ठरवलं होतं.

अठरा तारखेला कान तपासून आलो. बेबीला सांगितलं, चल. तिने विचारलं नाही कुठे. तिथे एक खोली आहे, भिंती गादीसारख्या, दार फ्रिजसारखं जाड. कानांवर डबड्या चढवून एका मुलीने हातात बटण दिलं आणि काचेपलीकडे बसली. सूर ऐकू आला की दाबायचं. खालचे आले, दाबत गेलो. म्हटलं, हे सोपं आहे. मग सूर थांबले. मी बटण धरून बसलो. म्हटलं, यंत्र जुळवत असेल. बराच वेळ गेला. शेवटी काचेतून खुणेने विचारलं, पुढचे कधी? तिने दार उघडलं आणि म्हणाली, "उजवा कान झाला काका. आता डावा घेऊ." तिचं सगळं वाजवून झालं होतं.

इतकी वर्षं मी पोरांना ओरडलो, कान उघडे ठेवा.

तिने कागदावर रेघ काढून दाखवली. मध्यापर्यंत ठीक, मग जिन्यावरून घसरल्यासारखी सरळ खाली. विचारलं, मधे जालीम इंजेक्शनं घेतली होती का? मी म्हटलं, मला काय माहीत, मी शुद्धीत नव्हतो. बेबी खाली बघत होती. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. यंत्र मिळेल, बोलणं बरं कळेल. पण गेलेलं येणार नाही म्हणाली.

कार्यक्रम रद्द करायचं पत्र मी लिहिलं होतं. पाठवलं नाही. धैर्य बिर्य काही नाही, पोरांनी पत्रिका वाटून टाकल्या होत्या. बेबीला म्हटलं, तू पुढच्या रांगेत बस.

तीस तारखेला सुरुवात बरी झाली. वरचे सूर बोटांनी वाजवले, कानांनी नाही. कुठे बोट पडतंय ते बोटाला माहीत आहे. तिसऱ्या तुकड्यात मला वाटलं, झकास चाललंय. तेवढ्यात बेबी उभी राहिली. भरल्या सभागृहात. काही बोलली नाही, दोन बोटं वर केली. दुसरी तार उतरली होती. किती वेळापासून, देव जाणे. मी वाजवत होतो आणि दोनशे माणसं सभ्यपणे ऐकत होती.

मी हात थांबवला. क्षणभर वाटलं, आता गिटार ठेवून मागच्या दाराने निघून जावं. खरंच उठणार होतो. पण पाय दुखत होता आणि बेबी तोवर पायऱ्या चढून वर आली होती. मी गिटार तिच्याकडे दिली. आजवर माझी गिटार दुसऱ्या कुणी जुळवलेली नाही. तिने खुंटी पिळली, कान लावला, परत पिळली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. जुळली की तिचा चेहरा सैल झाला, तेव्हा मला कळलं की जुळली. लोकांना सांगितलं, "माफ करा, आता सुरुवातीपासून." सुरुवातीपासून वाजवलं.

बरं झालं की वाईट, मला सांगता येणार नाही. लोक म्हणाले बरं झालं.

परतताना आम्ही चालत आलो. पेटी तिच्याकडे होती. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी ती थांबली आणि सहीचं सांगितलं. डॉक्टर, कागद, बाक, पाच मिनिटं, सगळं. रस्त्याच्या आवाजात मला निम्मं कळलं नाही. मी परत सांग म्हटलं. तिला ते दोनदा सांगावं लागलं, छोटे. दुसऱ्यांदा ती मोठ्याने सांगत होती आणि माणसं वळून बघत होती.

मी तिला विचारलं, "मग गाडीत ठेवली असं कबूल का केलंस?"

म्हणाली, "तुम्हाला कुणावर तरी रागवायचं होतं."

मी माझ्या पायाकडे बघितलं. दोन्ही बुटांत दोन्ही पाय होते. तिला म्हटलं, "शुद्धीत असतो तर मीही तीच सही केली असती." हे खरं आहे का, मला अजून माहीत नाही. कदाचित मी म्हटलं असतं, पाय घ्या. पण बोललो, आणि बोलून झाल्यावर ते मागे घ्यावंसं वाटलं नाही.

ती डावीकडून चालत होती. तिला म्हटलं, उजवीकडे ये, त्या कानाला जरा बरं कळतं. ती पेटी दुसऱ्या हातात घेऊन या बाजूला आली, आणि घर येईपर्यंत बोलत राहिली.

दादा